बा कलुबांच्या घरचा नळ

चितालूला पाना धरता येत नाही, हे बा कलुबांनी पहिल्याच शनिवारी ओळखलं, आणि तरीही पाना त्याच्याच हातात दिला.

चितालू तांब्याचे ट्रक तोलायच्या काट्यावर कारकून होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, नखं स्वच्छ. चर्चच्या गाण्यात तो मागच्या रांगेत उभा राहायचा आणि बुपे पुढच्या. वर्षभर तिच्या मानेकडं बघून झाल्यावर त्यानं धीर केला आणि रीतीप्रमाणे मामाला मध्यस्थ म्हणून तिच्या बापाकडं, बा कलुबांकडं पाठवलं, झाकलेली ताटली देऊन. ताटली उघडली तर होकार, परत आली तर नकार. बा कलुबांनी ती उघडलीही नाही आणि परतही केली नाही. उचलून कपाटावर ठेवली.

"मुलगी द्यायच्या आधी आम्ही मुलाचे हात बघतो," ते मामाला म्हणाले. "पाणीवाल्यांनी फाटकापाशी मीटर बसवून दिलाय. तिथून माझ्या स्वयंपाकघरात पाणी आणून दाखवा म्हणावं. मग उघडू ताटली."

पूर्वी जावई सासऱ्याचं रान तोडून द्यायचे, शेत खणून द्यायचे. आता किटवेसारख्या खाणींच्या शहरात कुणाकडं रान राहिलंय? चितालूला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. काम दिलं म्हणजे निम्मा जावई झालोच, असा त्यानं हिशेब केला.

चिम्वेम्वे वस्तीच्या त्या टोकाला माती वारुळाची. वरून लाल भुसभुशीत दिसते आणि वीतभर खाली कुदळ लागली की ठिणगी उडते. चितालू शनिवारी सकाळी यायचा, शर्ट काढून पेरूच्या फांदीला अडकवायचा आणि चर खणायला लागायचा. बा कलुबा सावलीत खुर्ची टाकून बसायचे. खाणीत आयुष्य काढलेला माणूस, खांदे अजून दरवाजाएवढे. हातात मुन्कोयोचा, मक्याच्या आंबट पेयाचा मग.

"अहो कारकून, चर खणताय की ट्रक तोलताय? कुदळ उचलून नुसतं वजन बघताय!"

चितालू हसायचा. सासऱ्याची थट्टा म्हणजे मायाच, असं त्याला वाटायचं.

काळा पाइप, सांधे, चाव्या, सगळं त्यानं आपल्या पगारातून आणलं. दुकानदाराला विचारून विचारून शिकला. आट्यांवर टेप कुठल्या बाजूनं गुंडाळायची, पाइप कापल्यावर कडा घासायच्या का, सोल्युशन लावल्यावर किती दम धरायचा. तरी चुकायचंच. एकदा वळणावरचा एल्बो इतका आवळला की तो टचकन फुटला आणि पाण्याची चिळकांडी थेट चुलीत गेली. शिजत आलेल्या न्शिमाचं, मक्याच्या पिठल्याचं पातेलं राखेनं भरलं.

"वा!" बा कलुबा दारात उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. "पाणी आलं की हो! फक्त नळातनं तेवढं आणायचं राहिलं!"

भिंतीला छिद्र पाडताना छिन्नी निसटली आणि अंगठ्याचं नख गेलं. बुपेनं चिंधी बांधली. ती दर शनिवारी त्याच्याबरोबर राबायची. पाइपचं दुसरं टोक धरायची, सांधे पुसून द्यायची, माती लोटायची. फार बोलायची नाही. एकदा त्यानं विचारलं, "दमलीस का?" तर म्हणाली, "सात वर्षांची असल्यापासून रस्त्याच्या टोकावरनं डोक्यावर पाणी आणतेय. हे काय दमणं?"

त्याचा सगळा भरवसा मात्र होता बुपेच्या आईवर. सासू जावयासमोर येत नाही, त्याच्या डोळ्याला डोळा देत नाही, ही तिकडची पक्की मर्यादा. चितालू फाटकात आला की बाना बुपे, म्हणजे बुपेची आई, लगबगीनं मागच्या खोलीत जायची. त्याचं जेवण ती कुणाकडून तरी पाठवायची. एकदा अंगणात अचानक समोरासमोर आले, तर तिनं अंगावरचं चितेंगेचं कापड पदरासारखं तोंडावर ओढलं आणि भिंतीकडं वळून उभी राहिली. चितालू त्या दिवशी घरी गाणं म्हणत गेला. ताटली उघडायची तेव्हा उघडोत, बाईनं मला जावई मानलंय!

शेजारच्या चोम्बा मावशीनं कुंपणावरून त्याला एकदा हटकलं होतं. "पोरा, ती विटांची भिंत बघतोस ना? छान आहे. ती एका शिंप्यानं बांधली. कोंबड्यांचं खुराडं एका मास्तरानं. पत्रे घातले तो तर पोलीस होता बिचारा."

"बरं," चितालू म्हणाला.

"सगळे शनिवारीच यायचे," मावशी म्हणाली आणि त्याच्याकडं बघत राहिली.

चितालूला वाटलं, बाई जळते. तिच्या घरात पाणी येणार नाही म्हणून जळते.

शेवटी पाणी आलं. आधी नळ खोकला, गंजासारखं लाल पाणी थुंकला, मग धार नितळ झाली. स्वयंपाकघरात, न्हाणीत आणि बाहेर कपडे धुवायच्या दगडापाशी, अशा तीन ठिकाणी. बुपेनं धारेखाली दोन्ही हात धरले आणि कोपरापर्यंत भिजेस्तोवर तशीच उभी राहिली. चितालूनं तिला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात बाना बुपे बाहेर आली. मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं. तोंड उघडं. सरळ चालत चितालूसमोर आली, डोळ्याला डोळा दिला आणि पेला त्याच्या हातात ठेवला.

"पी, बाळा. दमला असशील."

कुणी काही बोलायच्या आतच त्याला सगळं कळलं. त्यानं पेला न पिताच धुण्याच्या दगडावर ठेवला.

बा कलुबा आतून ताटली घेऊन आले. कपाटावरची धूळ तिच्यावर बसली होती, ती त्यांनी बाहीनं पुसली. "मामांना नमस्कार सांगा. मुलगा कष्टाळू आहे, त्यात वादच नाही. पण बुपेचं लग्न सोल्वेझी गावात ठरलंय. त्यांचे स्वतःचे ट्रक आहेत." मग हसले. "तुम्ही तोलले असतील त्यातले एखाद-दोन."

"कधी ठरलं?" चितालूनं विचारलं.

"तुम्ही फाटकापाशी खणत होतात, तेव्हा."

फाटकापाशी म्हणजे अगदी सुरुवातीला. तो बुपेकडं वळला. तिचे हात अजून ओले होते. ती कुठं पळाली नाही, रडलीही नाही.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर पाइप टाकला असतास?" बुपे म्हणाली. "तुला बायको हवी होती, मला पाणी हवं होतं. मी जाईन सोल्वेझीला. आईनं काय म्हातारपणी पण डोक्यावरच आणायचं?"

बा कलुबांना ते उत्तर इतकं आवडलं की त्यांनी मांडीवर थाप मारली. चितालूनं पेरूवरचा शर्ट काढला. बटणं लावताना नख गेलेला अंगठा आडवा येत होता. फाटकाबाहेर पडला तर कुंपणापलीकडं चोम्बा मावशी उभी. तिनं मान खाली घातली, आणि ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी-सकाळी बा कलुबांचा निरोप आला. तिन्ही नळ कोरडे पडलेत. मीटर भिंगरीसारखा फिरतोय आणि घरात थेंब नाही. दुपारी सोल्वेझीची मंडळी उतरणार, आणि म्हाताऱ्यानं तिकडं सांगून ठेवलेलं की आमच्याकडं तीन-तीन नळ आहेत. पाइप कुठून कसा गेलाय ते एकट्या चितालूला ठाऊक. मामा म्हणाला, जाऊ नकोस. चितालू गेला. एक नवा सांधा खिशात टाकून गेला.

अंगणात मांडव घातलेला. एका कोपऱ्यात बकऱ्या सोलून टांगलेल्या, पण धुवायला पाणी नाही, त्यामुळं माश्या घोंघावत होत्या. बा कलुबा नव्या सुटात होते. आज त्यांनी त्याला 'कारकून' म्हटलं नाही.

"या, चितालू, या. तुम्हीच सोडवा आता."

चितालूनं कुदळीचा दांडा जमिनीला टेकवला आणि दुसऱ्या टोकाला कान लावून फाटकापासून घरापर्यंत चालत गेला. फाटकापाशीच त्याला खाली सुस्कारा ऐकू आला. माती तिथं जरा काळवंडलेली होती. सांधा निसटला होता, पंधरा मिनिटांचं काम. तो तसाच पुढं गेला आणि मांडवाच्या खांबापाशी थांबला.

"इथं असावं. पण माझा अंगठा अजून धड नाही. मला कुदळ पेलत नाही."

"पोरांना बोलावतो."

"बोलवा. सगळ्या वस्तीला कळेल. पाहुण्यांनाही कळेल."

बा कलुबांनी रस्त्याकडं पाहिलं, कोट काढला आणि कुदळ घेतली.

वारुळाच्या मातीनं त्यांनाही सोडलं नाही. म्हातारा घामानं निथळला, पांढरा शर्ट पाठीला चिकटून लाल झाला. कोरडा पाइप लागला. "नाही इथं," चितालू म्हणाला, "जरा पलीकडं बघू." पलीकडं खणलं. मग न्हाणीच्या भिंतीलगत. चितालू पाठीमागं हात बांधून उभा होता. आयुष्यात त्याला इतकं शांत कधी वाटलं नव्हतं. म्हाताऱ्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, तेव्हाही तो म्हणाला, "थोडं खोल घ्या, बा कलुबा. वर-वर खरवडून काय होणार?"

तिसऱ्या खड्ड्यात कुदळ वर गेली आणि वरच राहिली. मग ती हातातून सुटली. बा कलुबा गुडघ्यावर आले. कमरेत काहीतरी कट्कन वाजलेलं चितालूनं ऐकलं.

आवाज ऐकून बुपे बाहेर धावली. निम्मी वेणी घातलेली, निम्मे केस मोकळे. तिनं तिन्ही खड्डे पाहिले, बापाला पाहिलं, मग फाटकाकडं पाहिलं.

"गळती तिथं आहे. माती ओली दिसतेय. तुला दिसली नाही?"

"दिसली," चितालू म्हणाला.

बुपेनं मुठी वळल्या, पण खड्ड्यातून हसण्याचा आवाज आला. बा कलुबा हसत होते. वेदनेनं तोंड वाकडं झालेलं, तरी हसत होते.

"बुपे, आपली चूक झाली गं," ते धापा टाकत म्हणाले. "हाच खरा माझा जावई शोभला असता."

चितालूनं खिशातला सांधा काढून खड्ड्यात, त्यांच्या मांडीवर टाकला आणि निघून गेला.

लग्न व्हायचं ते झालं. ट्रकवाल्याच्या ड्रायव्हरनं गळती काढली. बा कलुबांना चर्चला जाता आलं नाही, दाराशी गादीवर पडून त्यांनी मुलीला निरोप दिला. कंबर पुन्हा सरळ झाली नाही. खाणीतल्या डॉक्टरानं हात टेकले. दरवाजाएवढे ते खांदे पुढं कलले आणि बोलताना त्यांना समोरच्याचे बूटच दिसायला लागले.

पुढच्या पावसाळ्यात एकदा चितालू कामावर जायला मिनीबसमध्ये खिडकीशी बसला होता. थांब्यावर बा कलुबा उभे. पाय उचलून पायरीवर ठेवायला बघत होते, जमत नव्हतं. कंडक्टर ओरडला, "म्हातारबुवा, चढताय की नमस्कार घालताय?" गाडीतले दोघं-तिघं हसले. बा कलुबांनी दाराची दांडी धरून मान तिरकी केली, तेव्हा त्यांना चितालू दिसला.

"चितालू," ते म्हणाले. "हात दे रे जरा."

चितालूच्या शेजारची जागा रिकामी होती. तिच्यावर त्यानं डबा ठेवला होता. त्यानं डब्यावर हात ठेवला.

"चला, चला," तो कंडक्टरला म्हणाला. "मला उशीर होतोय."

दांडी म्हाताऱ्याच्या हातातून सुटली. गाडी चिखल उडवत निघाली. चितालूला वाटलं होतं, पुढच्या थांब्यापर्यंत तरी आपल्याला वाईट वाटेल. काच पुसून तो बाहेर बघत बसला. काट्यापर्यंत पोचला, उतरला, रांगेतला पहिला ट्रक तोलला. तरी वाटलं नाही.