तळघराची पाळी

तपकिरी काचेचा एक कण, नखाएवढासुद्धा नाही, तळघराच्या पायरीच्या फटीत रुतून बसला होता, आणि कोलमन गेराटी एक पाय वरच्या पायरीवर, दुसरा खालच्या, अशा अवघड बैठकीत लिंबू कापायच्या सुरीच्या टोकाने तो उकरत होता. निघत नव्हता. शुक्रवारी त्याने सगळं झाडून काढलं होतं, गरम पाणी मारलं होतं, सांडलेल्या बिअरचा आंबूस वास जावा म्हणून पुन्हा एकदा मारलं होतं... तरी हा राहिलाच. आणि बरोबर त्याच पायरीवर, जिच्या कडेची पट्टी उखडलीय हे त्याने मालकाला, कॉर्मकला, उन्हाळ्यापासून किती वेळा सांगितलं होतं, आणि कॉर्मक दर वेळी 'हो हो, माणूस बोलावतो' म्हणाला होता. माणूस आला नाही. शुक्रवारी दुपारी बाटल्यांचा क्रेट घेऊन वर येताना त्या पायरीवर, बारवर कामाला असलेल्या जुसिलेनीचा पाय सरकला, क्रेट गेला, ती गेली, आणि मनगटाचा जो आवाज झाला तो वर बारपर्यंत—नाही, तो आवाज वर येणं शक्य नाही, आला तो बाटल्यांचा. पण कोलमनला मात्र मनगटाचाच आठवत होता.

सुरी पुसत तो वर आला. गुडघा प्रत्येक पायरीला बोलत होता. बारच्या मागच्या आरशात काळ्या टी-शर्टातला एक म्हातारा दिसला, छातीवर पबचं नाव छापलेला, जणू हाही विकायचाच माल. तो या धंद्यात शिरला तेव्हा डब्लिनमध्ये बारमागे उभं राहणं ही शिकायची गोष्ट होती. चार वर्षांची उमेदवारी. पहिलं वर्ष नुसते ग्लास धुण्यात आणि पितळ घासण्यात जायचं, स्टाउटच्या, म्हणजे काळ्या बिअरच्या, नळाला हात लावायला मिळायचा तो दुसऱ्या वर्षी. पांढरा शर्ट, काळा टाय, संघटनेचं कार्ड. आई शेजारणीला सांगायची, आमचा कोलमन बारमन झाला, जसं कोणी सांगावं आमचा मुलगा पोस्टात लागला. त्या पगारावर त्याने घर घेतलं, ब्रीजशी लग्न केलं, दोन मुलं वाढवली. आणि आता... आता कालपरवा विमानातून उतरलेल्या पोरीला तासाला जे मिळतं, त्याहून त्याला एखादा युरो जास्त. एवढ्या वर्षांची किंमत तासाला एक युरो. या हिशेबापाशी आला की त्याचं डोकं दर वेळी त्याच भिंतीवर जाऊन आपटायचं: हे सगळं या लोकांमुळे. मिळेल त्या पैशात उभे राहतात, मग मालक आपल्याला कशाला विचारेल? ब्रीजला तो हे जेवताना सांगायचा, आणि ती बशीवरून नजर न उचलता म्हणायची, "आणि तुझा भाऊ लंडनला कशाला गेला होता रे? राणीबरोबर चहा प्यायला?" ते वेगळं होतं, तो म्हणायचा. काय वेगळं होतं, ते मात्र त्याला कधी सांगता आलं नाही.

"कोलमन, दोन मिनिटं."

कॉर्मक ड्रेनन पांढरे शुभ्र बूट घालून, हातात मोबाइल धरून उभा होता. लहानपणी याला याच काउंटरवर बसवून कोलमनने बटाट्याच्या कापांची पाकिटं फोडून दिली होती. याच्या बापाला तो आयुष्यभर मिस्टर ड्रेनन म्हणत आला. पोराला पहिल्या दिवसापासून नुसतं कॉर्मक. त्यात काही कमीजास्त नाही, दिवसच तसे आहेत.

"चारला कामगार खात्याची बाई येतेय. ज्यूलीने तक्रार केलीय."

"जुसिलेनी."

"तेच ते. हे बघ, शुक्रवारी ती कामावर नव्हती."

कोलमनने पुसलेली सुरी काउंटरवर ठेवली.

"म्हणजे कागदोपत्री नव्हती. ती इंग्रजी शिकायच्या व्हिसावर आलीय, तिला आठवड्याचे ठरलेले तासच काम देता येतं. ते गुरुवारीच भरले. शुक्रवारी ती अशीच आली होती, गप्पा मारायला. तळघरात कशाला तडमडली, देव जाणे. तू काही पाहिलं नाहीस."

"मी बारमागेच होतो, कॉर्मक."

"बारमागे होतास, तळघरात नव्हतास. मग यात खोटं काय आहे?" कॉर्मकने मोबाइल उलटा करून काउंटरवर ठेवला, त्याच्या डोळ्यांखाली सूज होती, रात्री झोपला नसावा. "मला हौस आहे का, सांग? बिअर महाग, वीज महाग, जागेचं भाडं तर विचारू नकोस. जास्तीच्या तासांचे तिला मी रोख देत नव्हतो? ती स्वतः मागायची तास. मी काय दोरीने बांधून ठेवलं होतं तिला? आणि हे प्रकरण वाढलं ना, तर या दाराला कुलूप लागेल, मग तुझं काय नि माझं काय. तू तर घरचाच माणूस आहेस."

घरचा माणूस. घरच्या माणसाला पगारवाढ नसते, घरच्या माणसाला सणाच्या दिवशी सुट्टी नसते, घरच्या माणसाने फक्त घर सांभाळायचं... आणि तरी हे शब्द ऐकून आत कुठेतरी ऊब वाटलीच, हेच चीड आणणारं होतं. कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवावा तसं. तो "बरं" म्हणाला नाही. "नाही"ही म्हणाला नाही. त्याने लिंबं कापायला घेतली.

कॉर्मकला ठाऊक नसलेली गोष्ट वेगळीच होती. शुक्रवारी तळघरात जायची पाळी कोलमनची होती.

एरवी जुसिलेनी आपणहून जायची. येऊन महिना झाला नव्हता तेव्हाच तिने त्याचा गुडघा ओळखला. तो कधी बोलला नाही, तिने कधी विचारलं नाही, फक्त क्रेट आणायची वेळ झाली की ती हात पुसून 'मी जाते' म्हणायची. त्याने तिला शिकवलं—स्टाउट कसा भरायचा, ग्लास किती कलता धरायचा, अर्ध्यावर सोडून थांबायचं कसं, गिऱ्हाईक घाई करत असेल तरी थांबायचंच कसं—आणि ती इतकं चटकन शिकली की त्याला अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला म्हणून रागही आला. ज्यासाठी मला दुसरं वर्ष उजाडावं लागलं, ते हिला आठवड्यात कसं येतं? पण शुक्रवारी ती 'मी जाते' म्हणाली नव्हती. सकाळपासून उभीच होती, सलग चौथा दिवस, काउंटरला टेकून क्षणभर डोळे मिटले होते तिने. तेव्हा तोच म्हणाला होता, "जा ना, पोरी, तू पटकन जाशील." मी म्हणालो. माझ्याच तोंडाने. ते 'पोरी' किती गोड आवाजात म्हटलं होतं, तेही आठवतंय.

दुपारी मॉसी आला. बस चालवून निवृत्त झालेला, खिडकीजवळच्या उंच स्टुलावर आपला हक्क सांगणारा.

"कोण मेलंय रे? तोंड असं का पाडलंयस?"

"तू जिवंत आहेस ना, तेच दुःख."

"ती ब्राझीलची पोरगी कुठाय? तुझ्या हातचं पिऊन तोंडाची चव गेली माझ्या."

"मनगट मोडलंय तिचं."

"अरेरे!" मॉसीला खरंच वाईट वाटलं, त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुला सांगतो, आपली पोरं नाही करायची हे काम. माझा नातू—रविवारी यायचं म्हटल्यावर मालकालाच म्हणाला, तूच ये. ही पोरगी मात्र बैलासारखी राबते हो. असं माणूस मिळत नाही."

कोलमनने ग्लास त्याच्यापुढे ठेवला, जरा जोरातच, फेस ओघळला. बैलासारखी राबते. कौतुक होतं ते. रविवारी नातवाने नाही म्हटलं ते आळस, आणि हिने चार दिवस नाही म्हटलं नाही तो गुण. पण नातवाला नाही म्हणता येत होतं, कारण त्याच्या डोक्यावर आजोबाचं छप्पर होतं... हे मॉसीला सांगावं असं वाटलं, पण मॉसीला सांगून काय होणार, आणि सांगणारा कोण? ज्याने तिला खाली पाठवलं तो?

साडेतीनच्या सुमारास बाजूच्या दाराने जुसिलेनी आत आली. कोटाची एक बाही रिकामी लोंबत होती, आत प्लास्टरमधला हात छातीशी धरलेला.

"सेउ कोलमन," ती म्हणाली. तिच्या गावाकडे वडीलधाऱ्या माणसाला असं म्हणतात, आणि आजपर्यंत त्याला ते आवडायचं.

"बस ना. चहा टाकतो."

"नको. माझं सामान न्यायला आलेय." ती मागच्या खोलीत गेली. बुटांची पिशवी खुंटीवरून एका हाताने निघेना. त्याने हात पुढे केला तशी तिने पिशवी ओढली. खुंटीच निखळून हातात आली.

"दुखतंय?"

"तुम्हाला काय वाटतं?"

पलीकडे मॉसी कोणाला तरी घोड्यांच्या शर्यतीबद्दल सांगत होता.

"मी त्या बाईंना सांगितलंय, मी कामावर होते म्हणून," ती म्हणाली. "मला कोणी पाठवलं ते नाही सांगितलं."

"का?"

"का म्हणजे? तुमचा गुडघा असा, तुमचं वय असं. तुम्हाला काढलं तर कोण घेणार?"

तिच्या आवाजात माया नव्हती. बाजारात भाजी शिळी आहे म्हणावं, तसं सरळ म्हणाली ती. आणि ते त्याला लागलं. दया तिने करायची? ही माझ्यावर? मी ज्यांच्यामुळे... त्याने वाक्य मनातल्या मनात सुरू केलं आणि ते पुढे जाईना.

"कॉर्मकने फोन केला होता," ती पुढे म्हणाली. "जास्त तास केलेस हे सांगशील तर तुझाच व्हिसा जाईल, म्हणाला. जाईलही. मला माहीत नाही. पण मी चार दिवस इथे उभी होते, सेउ कोलमन. इथे. पडले तेव्हासुद्धा मी इथे नव्हते म्हणे!" ती हसली, एकदम, नाकातून, आणि हसताना हात हलल्यामुळे तोंड वेडंवाकडं झालं. "मला तुमचे उपकार नकोत. मी इथे होते, एवढंच म्हणा."

तिने खुंटी टेबलावर ठेवली आणि ती गेली.

चार वाजता आलेली बाई तरुण होती, पाठीवर दप्तर, भिजलेला करडा कोट. तिने नळाचं पाणी मागितलं आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. कॉर्मक खुर्ची ओढून शेजारीच बसला, जाण्याचं नाव घेईना. बाईने कोलमनचं नाव विचारलं, मग शुक्रवारचं विचारलं. त्याने सकाळपासून दोन वाक्यं तयार ठेवली होती, एक कॉर्मकसाठी, एक जुसिलेनीसाठी. आता कुठलं म्हणायचं ते ठरेना, त्याने टेबलावरचा ओला डाग बाहीने पुसला.

"कोलमनला काय ठाऊक असणार?" कॉर्मक समजूतदारपणे म्हणाला. "वय झालंय आता त्याचं. आम्ही त्याला वरचंच हलकं काम देतो, गिऱ्हाइकांशी दोन शब्द बोलायचं, बस. तळघर वगैरे काही त्याच्याकडे नाही."

हलकं काम. दोन शब्द. कोलमनच्या कानशिलाशी काहीतरी तडकलं, आणि नंतर तो स्वतःला कितीही समजावत राहिला तरी त्याला माहीत होतं, की त्या क्षणी त्याच्या मनात जुसिलेनी नव्हतीच, न्यायबिय काही नव्हतं. होता तो फक्त पांढऱ्या शर्टातला, चार वर्षं उमेदवारी केलेला एक बारमन, ज्याला हा पोरगा म्हातारा म्हणत होता.

"तळघराची पाळी माझी होती," तो म्हणाला.

"म्हणजे?" बाईने वर पाहिलं.

"म्हणजे शुक्रवारी खाली मी जायला हवं होतं. गुडघा दुखत होता म्हणून मी तिला पाठवलं. ती सकाळपासून कामावर होती. पायरी मोडलीय हे मी मालकाला बऱ्याचदा सांगितलं होतं."

कॉर्मकने मोबाइल उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला. बाई लिहीत राहिली. कोलमनला वाटलं होतं, असं बोलल्यावर काहीतरी कोसळेल किंवा छाती तरी मोकळी होईल. पण पलीकडे फ्रीज घरघरत होता आणि मॉसी शिंकला, एवढंच. तो उठायला लागला.

"एक मिनिट," बाई म्हणाली. "तुम्हाला जेवणाची सुट्टी किती वेळ मिळते?"

"मला?"

"हो, तुम्हालाच विचारतेय."

तो बावचळला. तो साक्ष द्यायला बसला होता. तक्रार जुसिलेनीची होती, तिच्या लोकांची होती. मला कशाला विचारते ही? त्याने कॉर्मककडे पाहिलं, सवयीने, जसं कोणी परवानगीसाठी पाहावं, आणि आपण पाहिलं हे बाईने पाहिलं.

"खातो की... बेसिनजवळ उभ्या उभ्या," तो म्हणाला. "गर्दी नसली की."

"आणि सलग किती दिवस?"

त्याला आकडा आठवेना. म्हणजे मोजलेलाच नव्हता. तिने तेही लिहून घेतलं, त्याच कागदावर, जुसिलेनीच्या नावाच्या खाली.

सहाला तो निघाला. उद्या यायचं की नाही, हे कॉर्मकने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. त्याने कोट घातला तेव्हा कॉर्मक काउंटरवर कोपरं टेकून रस्त्याकडे बघत होता, आणि पाठमोरा तो थेट बापासारखा दिसत होता. जुसिलेनीच्या व्हिसाचं काय होणार, ते बाईनेही नीट सांगितलं नव्हतं. बघू, म्हणाली होती. बाहेर अजून उजेड होता. नदीच्या कडेने तो बसथांब्याकडे चालू लागला, एक पाय ओढत. वाटेतल्या प्रत्येक पबच्या काचेतून बारमागचे चेहरे दिसत होते—सावळे, गोरे, कुठले कुठले—आणि रोज या वाटेने जाताना तो प्रत्येक खिडकीपाशी मनात म्हणायचा, हाही गेला, तोही गेला, आपलं कोणी उरलं नाही. आजही पहिल्या खिडकीपाशी ते शब्द ओठांवर आले. आत एक मुलगा पाठीचा कणा दाबत उभा होता, मग त्याने मान वळवून कोणाकडे तरी पाहिलं, परवानगीसाठी पाहावं तसं, आणि कोलमन तिथेच थांबला.

राग कमी झाला नव्हता. उलट दुपारपेक्षा जास्तच होता; पण इतकी वर्षं या परक्या लोकांच्या ज्या पत्त्यावर तो हा राग रोज पोचवत आला, तिथे आता त्याला जाववेना, आणि दुसरा पत्ता... कॉर्मकचा? तो तर रात्रभर जागाच असतो. मॉसीचा? माझा? मागून कोणीतरी 'जरा सरका, आजोबा' म्हणालं. तो सरकला आणि थांब्यापर्यंत चालत गेला. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं, आणि कोलमनने हाताने खूण केली की तू जा. ब्रीजपुढे जेवायला बसायचं होतं, आणि आज तिला नेमकं कोणाबद्दल सांगायचं हे त्याला अजून ठरवता येत नव्हतं.