दोन्ही डावेच

मी एक लोकरीचा हातमोजा बोलतोय. डाव्या हाताचा. आणि माझा जोडीदार? तोही डाव्याच हाताचा! हसा, हसा. सगळेच हसले होते.

आमचा जन्म एका आईच्या घाईतून झाला. धाकट्याला लढाईवरचं बोलावणं आलं आणि बाईंनी स्वतःचा जुना स्वेटर उसवून सुया हातात घेतल्या. नवी लोकर तेव्हा दृष्टीसही पडत नव्हती. डोळे पुसत पुसत विणत गेल्या आणि दोन्ही अंगठे एकाच बाजूला आले. लेकाच्या पिशवीत आम्हाला कोंबलं, तेव्हाही त्यांच्या लक्षात आलं नाही.

लेक बॉम्बफेकी विमानाच्या अगदी शेपटीत, मशीनगनमागे बसायचा. बाकीचे सगळे पुढे. हा मागे एकटा, सगळ्यांकडे पाठ करून. सोबती त्याला ‘शेपूट’च म्हणायचे. वर थंडी अशी, की उघडं बोट लोखंडाला लागलं तर कातडी तिथंच चिकटायची. म्हणून चामड्याच्या सरकारी मोज्याच्या आत आम्ही हवेच होतो.

पहिल्या दिवशी त्यानं मला उजव्या हातात घालून पाहिलं आणि खो खो हसत सुटला. मग मला चक्क उलटा केला. आतली बाजू बाहेर, झालो की उजवा! शिवणी, गाठी, लोंबते धागे, माझी सगळी लाज चव्हाट्यावर.

"आईला कोणी सांगायचं नाही हं," त्यानं सोबत्यांना दम भरला. "रडून घर डोक्यावर घेईल." सुट्टीत घरी जाताना तो आम्हाला मुद्दाम तळावर ठेवून जायचा.

वर गेल्यावर तासन्‌तास त्याच्याशी बोलायला कोणी नसे. तो माझ्यात बोटं हलवत बसायचा आणि बेसूर गुणगुणायचा. ऐकणारा मी एकटाच. मला ते फार आवडायचं.

एकदा माझं एक बोट उसवलं. त्याच्याच विमानातला वायरलेसवाला सुईदोऱ्यात तरबेज होता, आणि सर्दीनं कानाला दडे बसल्यामुळे डॉक्टरांनी त्याला झोपवूनच ठेवलं होतं. मला त्याच्याकडे दिलं.

"झालं का रे?" निघताना शेपूट डोकावला.

"थोडं राहिलंय."

"राहू दे, आल्यावर घेतो."

ते विमान आलंच नाही. त्यातला कोणीच आला नाही. वायरलेसवाला मला मुठीत धरून धावपट्टीकडे बघत राहिला.

पुढे तो मला घेऊन बाईंच्या घरी गेला. बाईंनी मला गालाला लावलं आणि बाहेर आलेल्या शिवणी पाहून सवयीनं सरळ केलं. "अगंबाई, हा डावा. म्हणजे उजवा त्याच्याबरोबर गेला."

"नाही काकू, दोन्ही डावेच होते!" वायरलेसवाला बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

बाईंनी मला पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. "माझ्या हातून असं झालं? मग त्याचा उजवा हात..."

"हा उलटा करून घालायचा तो. मस्त बसायचा!"

"पण हा तर तुझ्याकडे होता. त्या दिवशी काय घातलं त्यानं?"

"माझा दिला होता, काकू. चांगला जाड."

खोटं. साफ खोटं. त्याचे दोन्ही मोजे तेव्हा त्याच्या उशाशी होते आणि मी त्यांच्या शेजारी. पण बाईंच्या जिवात जीव आला, ते बघून मीही म्हटलं, असू दे.

पुढचं मात्र ना त्याला सुचलं होतं, ना मला.

"म्हणजे तुझा एक मोजा गेला की रे राजा," बाई म्हणाल्या. "तुला परत वर जायचंय ना? थांब." त्यांनी सुया आणल्या. लोकर कुठून आणणार? त्यांनी माझ्या करंगळीच्या टोकाची गाठ सोडली.

"काकू, नको! त्याची आठवण आहे ती!"

"आठवण पेटीत ठेवू आणि तुझा हात गारठू देऊ? मग तुझ्या आईला काय सांगू मी? आण इकडे हात, माप घेते."

बिचाऱ्याला आता खरं सांगायची सोय नाही. उजवा हात पुढे करून तो रडत बसलाय. बाईंना वाटतंय, मित्रासाठी रडतोय. तेही खरंच आहे.

माझी चार बोटं गेली. दुखत नाही हो. पण त्या पोराच्या हाताचा आकार माझ्याखेरीज या जगात कुठेही उरलेला नाही. बाई, अंगठा तेवढा सावकाश उसवा.