माझ्या पाठीवरची सात नावं

मी एक जुनी वंशावळ आहे, मित्रांनो. कागदाची नव्हे, कातड्याची. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या कुरणात चरणाऱ्या एका वासराचं ते कातडं. ते चुन्यात भिजवलं, त्याचे केस काढले, लाकडी चौकटीवर ताणून वाळवलं आणि पुढून-मागून इतकं घासलं की बोट फिरवलं तर रेशमासारखं लागावं. पावणेदोनशे वर्षं झाली त्याला.

माझ्यावर लिहिणाऱ्याचं नाव होतं जेबेझ क्राउल. तो मायफळाची शाई स्वतः उकळायचा आणि लिहिताना जीभ दातांत धरायचा. हेसलडेन हॉल या बंगल्यात राहणाऱ्या मारवुड घराण्याला नुकतीच लॉर्ड ही पदवी मिळाली होती, म्हणून पहिल्या लॉर्डसाहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

"सगळ्यात वर कुणाचं नाव घालू, साहेब?" जेबेझने विचारलं. "चर्चच्या वहीत तुमचे खापरपणजोबा सापडले. लोकर विकायचे."

"लोकर?" लॉर्डसाहेब दचकले. "पाहुणे वाचणार आहेत हे! एखादा सरदार घाल की. समुद्र ओलांडून राजाबरोबर आलेला."

"नाव काय घालू त्याचं?"

"ते तू ठरव. पैसे कशाचे देतोय तुला?"

जेबेझने जीभ दातांत धरली आणि माझ्या माथ्यावर एक सरदार रंगवला. घोडा, भाला, सगळं काही. असा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. माझ्या आयुष्याची सुरुवात ही अशी झाली.

पुढची पाऊणशे वर्षं मात्र मी खरं काम केलं. घरात मूल जन्मलं की मला पेटीतून काढून वाचनालयाच्या लांब टेबलावर उलगडायचे. चार कोपऱ्यांवर चार पितळी वजनं ठेवायची, आणि घरातल्या कर्त्या पुरुषाने नाव लिहायचं. मुलांची नावं मोठी, मुलींची बारीक. शाई वाळेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मला ते फार आवडायचं. जगात आलेल्या माणसाला मी जागा देते, असं वाटायचं.

सन १८४९ मध्ये लॉर्ड अँब्रोज मारवुड यांनी एक बारीक नाव लिहिलं, लेटिशिया. घरात तिला लेटी म्हणायचे. दोन वर्षांनी तिच्या शेजारी तिच्या धाकट्या भावाचं नाव आलं, रूपर्ट.

लेटी मोठी झाली आणि तिने जोएल सगडनशी लग्न करायचं ठरवलं. जोएल खालच्या गावातल्या लोकरीच्या गिरणीत रंगारी होता. रोज निळीच्या हौदात काम करून त्याचे हात कोपरापर्यंत निळे झालेले. साबणाने घासले तरी निघायचे नाहीत.

"निळ्या हाताचा जावई!" लॉर्ड अँब्रोज वाचनालयात गरजले. "उद्या तो या टेबलावर जेवायला बसेल. टेबलक्लॉथला डाग पडतील!"

"डाग पडत नाहीत, बाबा," लेटी शांतपणे म्हणाली. "पक्का रंग आहे तो. मी हात धरून बघितलाय."

तिची आई, लेडी सिसिली, खिडकीशी उभी होती. तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

लेटी घर सोडून जोएलकडे गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी लॉर्ड अँब्रोज यांनी मला उलगडलं, चार वजनं ठेवली आणि खिशातून लेखणी तासायचा चाकू काढला.

"अँब्रोज, नको," लेडी सिसिली म्हणाली. "राग माणसावर काढा. नावाने काय केलंय?"

"या घरात मला मुलगी नाही."

मित्रांनो, कातड्यावरची शाई पुसता येत नाही. ती खरवडावी लागते. लेटिशिया या नावाची एकेक रेघ त्यांनी सोलून काढली. काम झाल्यावर त्यांनी फुंकर मारली आणि तिच्या नावाची भुकटी गालिच्यावर पडली. मी पडून राहिले. सरदाराचं खोटं मी निमूटपणे अंगावर घेतलं होतं, तसंच हेही सोसलं.

पण लेडी सिसिलीने एक गोष्ट केली. दीड वर्षाने एका मंगळवारी लॉर्डसाहेब शिकारीला गेले होते. धुण्याचे कपडे न्यायला मिसेस टॉडी आली. ती गिरणीच्या गल्लीतच राहायची.

"बाईसाहेब," ती चादरी मोजता मोजता हळूच म्हणाली, "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. नाव सिसिली ठेवलंय."

"माझं?"

"दुसऱ्या कुठल्या सिसिलीला ओळखत नाही हो मी."

ती गेल्यावर बाईंनी मला पेटीतून काढलं आणि पालथं टाकलं. माझ्या पाठीवर तोवर काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पेन्सिलीने वर लिहिलं, 'लेटिशिया, माझी मुलगी' आणि खाली, 'तिची सिसिली'. मग बराच वेळ माझ्यावर हात ठेवून त्या बसून राहिल्या. अकरा वर्षांत त्या सहा वेळा आल्या. सिसिली, जॉब, एस्थर, रूबेन, हॅना, शेवटचा छोटा अमोस. अमोसच्या नावापुढे एक फुली आहे. तो नऊ दिवसच जगला. एकाही नातवंडाला बाईंनी कडेवर घेतलं नाही. तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती. जेवढी होती तेवढी त्यांनी माझ्या पाठीवर खर्च केली.

लॉर्ड अँब्रोज आणि बाई दोघंही वारल्यावर त्यांचा मुलगा रूपर्ट लॉर्ड झाला. त्याला माझा भारी अभिमान. त्याने माझी पाठ न बघताच मला जाड फळीवर खळीने चिकटवलं, वर काच बसवली, सोनेरी चौकट केली आणि जिन्याच्या भिंतीवर टांगलं. पाहुणे थांबायचे, मान वर करून सरदाराकडे बघायचे. "वा! केवढं जुनं घराणं!" म्हणायचे. माझी पाठ मात्र फळीला कायमची चिकटली होती. तिथे पेन्सिलीने लिहिलेली नावं आहेत, हे आता एका माणसालाही ठाऊक नव्हतं.

रूपर्टला तीन मुलगे झाले. पहिल्या महायुद्धात थोरला आणि मधला एकाच वर्षी गेले. धाकटा एव्हरार्ड परत आला, पण त्याने लग्न केलं नाही. तो म्हातारा झाला, तेव्हा मोठ्या बंगल्यात तो, एक स्वयंपाकीण आणि त्याच्या पायाची न भरणारी जखम एवढेच उरले होते.

जखमेला पट्टी बांधायला गावातून डोरा नावाची नर्स सायकलवरून यायची. तिशीची, ठसठशीत, फटकळ.

"पाय हलवू नका, साहेब. घोडा आहात का?"

"घोड्याशी कुणी असं बोलत नाही."

"घोडा ऐकतो माझं."

एव्हरार्ड हसायचा. स्वयंपाकीण म्हणायची, साहेबांना हसताना मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. डोराची सायकल दिसेपर्यंत तो खिडकीतून हलायचा नाही.

एका सकाळी तो म्हणाला, "माझ्यानंतर हे नाव संपलं, डोरा. रक्ताचं कुणी उरलं नाही."

डोराचे हात थांबले. "साहेब, एक विचारू? माझी आजी या घरात जन्मली होती. लेटिशिया. तुमच्या वडिलांची थोरली बहीण."

"माझ्या वडिलांना बहीण नव्हती."

"होती. मला काही नकोय तुमचं. पण तुम्ही कुणी नाही म्हणालात, म्हणून सांगितलं."

तो काठी टेकत जिन्यापर्यंत आला. दोघं माझ्यासमोर उभी राहिली. त्याने काचेवर बोट फिरवलं. रूपर्टच्या नावाशेजारी बोट थबकलं. तिथे पांढुरका, खरखरीत डाग होता.

"इथे काहीतरी खरवडलंय," डोरा म्हणाली.

"ओल लागली असेल." तो कितीतरी वेळ बघत राहिला. मी हो म्हणावं असं त्याला वाटत होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "नाव नाही इथे, डोरा. वंशावळ खोटं कसं बोलेल? तू आमची कोणी नाहीस."

मित्रांनो, तिच्या आईचं नाव त्याच क्षणी माझ्या पाठीवर होतं. एस्थर. वरून चौथं. फळी आणि खळ, एवढंच मध्ये होतं.

डोराने त्याला वळायला हात दिला. मग म्हणाली, "बरं. चला, पट्टी अर्धी राहिलीय." पुढचे चार महिने ती रोज येत राहिली. त्यानंतर तो गेला. त्याच्या तोंडावर चादर तिनेच ओढली.

दुसऱ्या युद्धानंतर बंगला पाडला. लिलावात मला कुणीतरी सोनेरी चौकटीसाठी घेतलं, चौकट काढली आणि मला फळीसकट एका कोठारात टाकलं. पंचवीस वर्षं मी बटाट्याच्या पोत्यांमागे होते. माझा एक कोपरा उंदरांनी खाल्ला. त्याचं मला दुःख नाही. तो सरदाराचा घोडा होता.

शेवटी कोठार रिकामं करणाऱ्यांनी मला जिल्ह्याच्या दप्तरखान्यात पोचवलं. तिथे आयरिस बॅनफील्ड नावाच्या बाई जुनी कातडी दुरुस्त करतात. त्यांनी तीन आठवडे ओलसर कापड ठेवून, जराही घाई न करता, मला फळीपासून सोडवलं. मला पालथं केलं आणि त्या खुर्चीत बसल्या.

सातही नावं घालून त्यांनी स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी छापल्या. त्या वाचून बसने एक बाई आली. मार्जरी, डोराची मुलगी. डोरा आदल्याच हिवाळ्यात वारली होती.

मार्जरीने एस्थरच्या नावावर हात धरला, पण टेकवला नाही.

"आई कधी बोलायची का त्या बंगल्यातल्या माणसांबद्दल?" आयरिसबाईंनी विचारलं.

"एकदाच. आमच्याकडे नाताळला एकवीस माणसं असायची. मावश्या, मामा, पोरंटोरं. खुर्च्या पुरायच्या नाहीत, कुणीतरी जिन्यावर ताट घेऊन बसायचं. तेव्हा म्हणाली, 'टेकडीवर तो म्हातारा एकटाच वाटीभर सूप पीत बसायचा गं. वाटायचं, हाताला धरून इकडे आणावं.'"

"मग?"

"कोणत्या नात्याने आणणार?"

आता मी एका थंड खोलीत सपाट पेटीत असते. सरदाराची बाजू खाली, पाठ वर. माझ्यावर यापुढे कुणीही काहीही लिहायचं नाही, असा नियम आहे. चाकू चालवला तेव्हा असा नियम नव्हता.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी आत्या, एखादा काका असेल, ज्याचं नाव निघालं की मोठी माणसं विषय बदलतात. ती मोठी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या, ती आत्या, तो काका कुठे राहतात, त्यांना मुलं किती, नावं काय. आणि मग जाऊन या. त्या जिन्यावर मला बोलता आलं नाही. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.