एकमताचा ठराव

"शिक्का कुटं हाय, सेक्रेटरी?"

"पिशवीत हाय की."

"आन् पिशवी?"

"घरी."

सुबोधदादांनी कपाळाचा घाम पुसला. चार दिवसांपूर्वी मुंबईत पक्ष फुटला होता, आणि सोलापुरात तो फुटायला इतका वेळ लागल्याचा दादांना जरा कमीपणाच वाटत होता. मग काल दुपारी, मल्लप्पाअण्णा जिल्हाध्यक्ष असतानाच, कार्याध्यक्ष असलेल्या दादांनी स्वतःला जिल्हाध्यक्ष नेमून घेतलं. नेमणुकीचं पत्र तयार होतं, पण त्यावर पक्षाचा गोल शिक्का नव्हता. शिक्का नसला की वर्तमानपत्रवाले बातमी आतल्या पानावर टाकत.

सोमशेखर एकतीस वर्षं जिल्हा कार्यालयाचा सचिव होता. पक्षाच्या घटनेत असं पदच नव्हतं, त्यामुळे त्याला ते कुणी दिलं नव्हतं आणि कुणी काढूनही घेतलं नव्हतं. दिवसभर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कारकुनी करायची आणि पाचला सायकल कार्यालयाकडे वळवायची. निषेध, अभिनंदन, श्रद्धांजली, पक्षाला जे काही वाटायचं ते आधी सोमशेखर लिहायचा, मग पक्षाला वाटायचं. 'जाहीर निषेध' कुठे आणि 'तीव्र निषेध' कुठे, हे जिल्ह्यात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

"सकाळी अण्णांनी बी मागितला शिक्का," तो म्हणाला.

"दिला?"

"न्हाय."

"शाब्बास! मग आणा हिकडं."

"तुमाला बी न्हाय, दादा. निवडणूक आयोगाचा निकाल लागू द्या. पक्ष ज्याचा ठरंल त्याला देतो. मी काय तुमचा न्हाय, अण्णांचा न्हाय. मी पक्षाचा."

"म्हंजे नेमकं कुणाचा?" दादांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मल्लप्पाअण्णा तेवीस वर्षं जिल्हाध्यक्ष होते. ते दुसऱ्या दिवशी थेट सोमशेखरच्या घरी आले आणि खाटेवर बसले.

"तुझ्या पोरीच्या लग्नात मांडवात उभा व्हतो का न्हाय मी?"

"व्हता की, अण्णा. दादा बी तुमच्याच शेजारी व्हते."

अण्णा चहा न पिताच उठले. त्यांची गाडी वळल्यावर दानेश्वरी नवऱ्याला म्हणाली, "द्या की कुणाला तरी टाकून. लाकडाचा तुकडा त्यो. त्याच्यापायी दोघांचं वैर कशाला घ्यालाव?"

"उद्या एक झाले की दोघं बी म्हणतील, सेक्रेटरीनं राखलं म्हणून राहिलं."

"म्हणतील, म्हणतील," दानेश्वरी म्हणाली आणि अण्णांचा चहा स्वतः प्याली.

पुढचे सात आठवडे शिक्का देवघरात राहिला, पण सोमशेखरचं काम दुप्पट झालं. पत्रक लिहिणारा दुसरा माणूस दोन्ही गटांकडे नव्हता. सोमवारी अण्णांनी दादांवर केलेले आरोप तो लिहायचा, मंगळवारी दादांनी त्यांना दिलेलं सडेतोड उत्तर. कार्यालयाचं काम म्हणून तो दोघांनाही नाही म्हणत नसे.

"'गद्दार' काल अण्णांनी वापरला, दादा. तुमी 'घरभेदी' घ्या."

"लई भारी! घ्या, घ्या."

महापालिकेचे अर्ज भरायची तारीख आली आणि मुंबईत समेट झाला. दोन्ही गट एक झाले, आणि एक होऊन तिसऱ्याच पक्षाच्या आघाडीत गेले. त्या पक्षाविरुद्ध सोमशेखरने एकतीस वर्षं निषेध लिहिले होते. पण पक्ष एक झाला होता. त्याने धुतलेला सदरा घातला, देवघरातून शिक्का काढला, फडक्याने पुसला आणि संयुक्त बैठकीला गेला. अण्णा आणि दादा फोटोसाठी तिसऱ्यांदा गळ्यात पडत होते. सोमशेखरने शिक्का त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. "संभाळा," एवढंच म्हणाला. शाबासकीसाठी तो क्षणभर उभा राहिला.

"बसा, ठराव घ्या," अण्णा म्हणाले.

पहिला ठराव आघाडीच्या अभिनंदनाचा, तो काठावरच्या बहुमताने झाला. दुसरा सांगताना अण्णांनी छताकडे पाहिलं. "लिवा. पक्ष अडचणीत असताना पक्षाचा शिक्का अडवून ठेवला, आन् दोन्ही बाजूंची पत्रकं लिवून नेत्यांत फूट पाडली, म्हणून यांची सहा वर्षांसाठी हकालपट्टी करण्यात येत हाय."

सोमशेखरचं पेन 'यांची'पाशी थांबलं. "कुणाची?"

दादांनी हात वर केला, मग अण्णांनी, मग सगळ्या सभागृहाने. सात आठवड्यांत दोन्ही गटांचं एकमत झालेला हा पहिलाच ठराव.

सोमशेखरने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"'अडवून' नको, अण्णा," तो म्हणाला. "'बेकायदेशीरपणे ताब्यात ठेवला' असं घेऊ. उद्या कुणी कोर्टात गेलं तर टिकाय पायजे."

"घ्या की," अण्णा खाली बघत म्हणाले.

"आन् नाव?"

अण्णांनी दादांकडे पाहिलं. दादांनी मोबाइल काढला, त्यात 'सेक्रेटरी हापिस' एवढंच होतं.

"सोमशेखर..." दादा म्हणाले. "फुडं काय हो तुमचं?"

सोमशेखरने मोकळ्या जागेत सावकाश लिहिलं, सोमशेखर गुरुसिद्धप्पा कलशेट्टी, आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला.

"डावीकडं, पयली सही माझी," अण्णा म्हणाले.

"तुमची कशी? समेटात ठरलंय, दोघं बी समान!"

"समान म्हंजे काय माझ्या डोक्यावर बसनार काय रं?"

खुर्च्या सरकल्या. मागच्या रांगेतले दोघं बाह्या सारू लागले.

"थांबा," सोमशेखर म्हणाला. "दोन प्रती करतो. एकीवर अण्णा डावीकडं, एकीवर दादा."

सगळे शांत झाले. चहा फिरला. सोमशेखर दुसरी प्रत लिहायला बसला. शेवटच्या ओळीत, आडनावापाशी, अक्षर तिरकं गेलं. त्याने ते चष्म्यातून नीट पाहिलं, कागद चुरगळून खिशात घातला आणि नवा घेतला.