तुलनेचा वर्ग

थोरलीने कपाट हातभर बाजूला सरकवलं आणि प्लायवूडच्या भिंतीला कान लावला. भिंतीपलीकडे तिसरीचा ‘ब’ वर्ग, तो तिच्या धाकट्या जावेचा. अलीकडे तिसरीचा ‘अ’, तो तिचा. एका मोठ्या खोलीचे दोन वर्ग केलेले, त्यामुळे मधली भिंत नावालाच भिंत होती आणि छतापर्यंतही पोचत नव्हती. मुलांना तिने हाताची घडी, तोंडावर बोट करून बसवलं होतं. मुलं तशीच बसून आपल्या बाई काय करतायत ते बघत होती.

“बाई, तुमचा कान दुखतोय?” पहिल्या बाकावरच्या पोरीने ओठांवरचं बोट न काढताच विचारलं. आवाज अगदी बारीक, म्हणून सगळी शाळा तिला चिमणी म्हणायची.

“तू गप्प बस.”

पलीकडे धाकटी एका मुलाला सांगत होती, “आधी मी वाचते. मग आपण दोघं मिळून वाचू. मग तू एकटा वाच. अडलास तर लगेच सांगणार नाही हं, थोडा वेळ थांबेन.” थोरलीने ते मनातल्या मनात दोनदा घोकलं, मग कपाट होतं तिथे सरकवलं आणि खडू उचलला.

हे कान लावणं सुरू झालं ते एका चिठ्ठीमुळे. एका संस्थेने मुलांसाठी वाचनाचा कार्यक्रम तयार केला होता. रोज अर्धा तास, चित्रांची छोटी छोटी पुस्तकं आणि शिकवायची ठरावीक पद्धत. त्याने मुलांचे परीक्षेतले गुण खरंच वाढतात का, हे संस्थेला बघायचं होतं. त्यासाठी एक वर्ग कार्यक्रमाचा आणि एक बिनकार्यक्रमाचा. दोघांची परीक्षा वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी. पाहणी करायला आलेले सर प्रत्येक मुलाला समोर बसवून मिनिटभर वाचायला लावायचे आणि हातातलं घड्याळ टिक्‌कन बंद करायचे, म्हणून शिक्षकांनी त्यांचं नाव घड्याळवाले ठेवलं होतं. कुठला वर्ग कशात, हे त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, डोळे मिटून चिठ्ठी उचलली आणि ती नेमकी धाकटीची निघाली.

“आणि मी काय करायचं?” थोरलीने विचारलं होतं.

“तुम्ही नेहमीसारखं शिकवायचं,” घड्याळवाले म्हणाले. “तुमचा तुलनेचा वर्ग. मुद्दाम वेगळं काही करू नका, एवढंच. उपयोग झालेला दिसला तर पुढच्या वर्षी तुमच्या मुलांनाही सगळं मिळेल.”

“म्हणजे मी तराजूतलं वजन. माल पलीकडच्या पारड्यात.”

सगळे हसले. थोरलीही हसली. पण घरी जाईपर्यंत तिचं डोकं भणभणायला लागलं होतं. या धाकटीला शाळेत चिकटवली कोणी? तिनेच. मोठ्या बाईंकडे शब्द टाकला तिने, मुलाखतीला जाताना स्वतःची चांगली साडी नेसायला दिली तिने. आणि आता नवीकोरी पुस्तकं भरलेलं निळं कपाट कोणाच्या वर्गात? काल आलेल्या पोरीच्या! थोरली इतकी वर्षं फळा झिजवत होती, तिच्या वाट्याला काय, तर नेहमीसारखं.

घरी तर आणखी बहार. दोघींचं स्वयंपाकघर एक, जेवणाचं टेबल एक आणि सासूही एकच.

“आज म्हणे हिच्या वर्गाचे फोटो काढले,” सासूबाई भाजी वाढता वाढता म्हणाल्या. “पेपरात येतील का गं?”

“छे हो आई, त्यांच्या कामासाठी काढले,” धाकटी म्हणाली. “ताई, तुम्ही एकदा या ना बघायला. काय गोड पुस्तकं आहेत!”

“नको बाई. मला कुठे परवानगी आहे? मी आपली नेहमीसारखी.”

धाकटीचा चेहरा उतरला. थोरलीला घटकाभर बरं वाटलं. मग लगेच तिच्या लक्षात आलं की उतरलेल्या चेहऱ्यानेही ही सटवी गोडच दिसते, आणि ती अर्ध्या ताटावरून उठली.

नवऱ्याकडे तिने एकदा मन मोकळं केलं. तो म्हणाला, “चिठ्ठीच ती. तुझी निघाली असती तर तू केलं असतंस.”

“केलं असतं म्हणजे? हिच्यापेक्षा चांगलं केलं असतं!” ती उसळून म्हणाली. तो हसून पेपर वाचायला लागला. पण ते वाक्य तिने घट्ट धरून ठेवलं. फरक काय तो चिठ्ठीचा. पुस्तकं हातात आली, शिकवायची पद्धत लिहून मिळाली, की गाढवालाही जमेल.

आणि मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, तिने वर्गाचं दार लावून घेतलं.

पुस्तकं नव्हती, तर तिने घरची जुनी मासिकं कापली. चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवली, खाली ठसठशीत अक्षरांत दोन-दोन ओळी लिहिल्या. आधी मी, मग आपण मिळून, मग तू एकटी. भिंतीपलीकडून जे जे ऐकू यायचं ते ते दुसऱ्या दिवशी अलीकडे व्हायचं. मुलांना तिने बजावून ठेवलं होतं की ही आपली गंमत, बाहेर बोलायची नाही. गंमत म्हटल्यावर मुलं एरवीपेक्षा दुप्पट शहाण्यासारखी वागायला लागली. मोठ्या बाईंची चप्पल व्हरांड्यात वाजली, की पुठ्ठे बाकांखाली आणि सगळा वर्ग पाढे म्हणायला तयार.

हिवाळा संपता संपता एक दिवस चिमणीने एक आख्खं पान वाचलं. अडखळत, बोट सरकवत, पण एकटीने. वाचून झाल्यावर तिने मान वर केली आणि हे आपणच केलं का, अशा नजरेने बाईंकडे बघितलं. थोरलीने तिला जवळ घेतलं, तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. पण खोटं कशाला बोला? त्या पाण्यात चिमणीचं कौतुक थोडं होतं आणि धाकटीवर कुरघोडी केल्याचं समाधान जास्त. ‘आता येऊ दे म्हणावं परीक्षा,’ ती मनात म्हणाली.

परीक्षा आली. घड्याळवाल्यांनी दोन्ही वर्गांतल्या एकेका मुलाला समोर बसवलं, वाचून घेतलं, प्रश्न विचारले आणि ते निघून गेले. निकाल सांगायला आले तेव्हा उन्हाळा लागला होता. मोठ्या बाईंच्या खोलीत चौघंच जण. पंखा कुरकुरत होता आणि चहावर साय धरली होती. धाकटी साडीचा पदर बोटाला गुंडाळत बसली होती.

“दोन्ही वर्गांचे गुण वाढलेत,” घड्याळवाले म्हणाले, “आणि जवळजवळ सारखेच वाढलेत.”

थोरलीच्या मनात उकळ्या फुटल्या. पुस्तकं नाहीत, फोटो नाहीत, तरी बरोबरी! तिने चेहरा कसाबसा सरळ ठेवला.

“म्हणजे चांगलंच झालं की,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“मुलांच्या दृष्टीने चांगलं. पण कार्यक्रम न घेतलेली मुलंही तेवढीच पुढे गेली, म्हणजे ही वाढ कार्यक्रमामुळे झाली असं मला म्हणता येणार नाही. या वयात मुलं आपोआपही वाचायला लागतात. मला तसंच लिहावं लागेल. मग संस्था कार्यक्रम गुंडाळेल असं दिसतंय.”

“पुस्तकं परत नेणार?” धाकटीने विचारलं. “पण सर, माझ्या वर्गातली ती मुलं... एक ओळ वाचता येत नव्हती हो त्यांना.”

“कळतंय मला. पण शेजारच्या वर्गातही तसंच झालंय ना.”

“खरंच की,” मोठ्या बाई थोरलीकडे वळून कौतुकाने म्हणाल्या. “नशीबवान आहात. काहीही न करता तुमची मुलं एवढी पुढे गेली!”

काहीही न करता! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पुठ्ठे कापून अंगठ्याला घट्टा पडलेला, दुपारी बोलून बोलून घसा बसलेला, आणि म्हणे आपोआप. धाकटीचं कपाट जाणार होतं, इतके दिवस तिला जे हवं होतं ते सगळं होणार होतं. तोंड मिटून बसायचं, एवढंच काम होतं. पण तिला ते जमलं नाही.

“आपोआप काही झालेलं नाही,” ती म्हणाली. “मी शिकवलंय त्यांना.”

“शिकवलंत ते बरोबरच,” घड्याळवाले म्हणाले, “नेहमीसारखं—”

“नेहमीसारखं नाही! दार लावून शिकवलंय. रोज. भिंतीला कान लावून पलीकडचं सगळं ऐकलंय आणि तेच माझ्या वर्गात केलंय.”

मोठ्या बाईंनी कपाळावर हात मारला. धाकटीने पदर सोडला.

घड्याळवाले रागावतील असं थोरलीला वाटलं होतं. ते खुर्ची पुढे ओढून बसले.

“काय काय केलंत? सगळं सांगा.”

तिने सांगितलं. आधी मी, मग मिळून, मग एकटं. अडलं की थांबायचं. गोष्ट अर्ध्यावर थांबवून पुढे काय होईल ते विचारायचं. प्रत्येक गोष्ट घड्याळवाले मान हलवत टिपून घेत होते. “हे आमचंच... हेही आमचंच.” त्यांचा चेहरा उजळत चालला होता. “म्हणजे कार्यक्रम एका नाही, दोन वर्गांत चालला! ही तुलना तर फुकट गेली, पण कार्यक्रम बंद करा असं आता कोणी म्हणू शकणार नाही. पाहणी पुन्हा करू, दुसरीकडे. पुस्तकं इथेच राहतील.”

धाकटीने हुश्श केलं. थोरलीला ते ऐकू आलं आणि आपण हे काय करून बसलो, असं तिला होऊन गेलं.

“आणखी एक,” ती घाईने म्हणाली. “मी मुद्दाम चुकीचं वाचते. मुलांनी ओळीवर बोट ठेवून बघायचं, आणि बाई चुकल्या की ‘चूक!’ म्हणून ओरडायचं. बाईंची चूक पकडायची म्हणून मेली सगळी जीव लावून वाचतात. आमची चिमणी त्यानेच वाचायला लागली.”

घड्याळवाल्यांनी हात थांबवला. “हे आमच्याकडे नाही.”

“नाही?”

“कुठेच नाही. फार छान आहे हे. कुठून सुचलं?”

हेही पलीकडूनच आलं होतं. एका दुपारी धाकटीने वाचता वाचता हत्तीला झाडावर चढवलं होतं, सगळा वर्ग ‘चूक, चूक’ करून खिदळला होता, आणि इकडे थोरलीचा जळफळाट झाला होता की बघा, हिला काय काय आयतं लिहून दिलंय. आता हे म्हणतायत, लिहून दिलेलं नव्हतंच. म्हणजे ते चिठ्ठीबरोबर आलेलं नव्हतं. धाकटीच्या डोक्यातून आलं होतं. चिठ्ठी आपली निघाली असती तरी आपल्याला ते सुचलं नसतं, हे थोरलीला स्वच्छ कळलं, आणि ‘हिच्यापेक्षा चांगलं केलं असतं’ हे इतके दिवस घट्ट धरून ठेवलेलं एक वाक्यही हातचं गेलं.

“ते ताईंचं आहे,” धाकटी म्हणाली. “मीच त्यांच्याकडून घेतलं.”

“असं?” घड्याळवाले थोरलीकडे वळले. त्यांच्या नजरेत निखळ आदर होता. तो तिला या खोलीत कोणाकडूनच कधी मिळाला नव्हता. “तुमच्या नावानिशी लिहितो मग. चालेल ना?”

खरं सांगायला थोरलीने तोंड उघडलं.

“चालेल,” ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी गार झालेला चहा तिच्याकडे सरकवला. घड्याळवाले लिहायला लागले. थोरलीने हळूच धाकटीकडे बघितलं. धाकटी तिच्याकडे बघून हसत होती, अगदी रोज सकाळी स्वयंपाकघरात हसायची तशी. त्या हसण्यात टोमणा असेल म्हणून थोरलीने शोध शोध शोधला. एवढासा जरी सापडला असता, तरी तिने निभावून नेलं असतं.