भट्टीबाईचा लाल डोळा

कन्हानच्या काठावरच्या त्या सिमेंटच्या कारखान्यात पोत्यांपेक्षा नारळच जास्त फुटू लागले होते. साल त्रेचाळीस, लढाईचे दिवस. कामठीपासून सीताबर्डीपर्यंतच्या बायका टांग्यांतून, बैलगाड्यांतून येत आणि फाटकाशी रांग लावत. बहुतेकींच्या खांद्यावर एक खोकणारं लेकरू असे. रांग एखाद्या देवळाकडे जात नव्हती. ती जात होती कारखान्याच्या फिरत्या भट्टीकडे.

भट्टी म्हणजे दीडशे फूट लांबीचा लोखंडी नळा. उंच खांबांवर जरा तिरका आडवा पडलेला आणि रात्रंदिवस संथपणे स्वतःभोवती फिरणारा. पोटात आग, आणि त्या आगीने लोखंड जळू नये म्हणून आतून विटांचं अस्तर. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या अंगावर थाळीएवढा लाल डाग उमटला आणि मागोमाग कुठूनसे अग्निबाबाही उमटले.

बाबांनी त्या जागी काळ्या घोंगड्यांचा आडोसा बांधला. आतल्या अंधारात लाल डाग वरून सरकत यायचा, खाली जायचा, नाहीसा व्हायचा. बाबा माळ ओढत सांगायचे की ही ज्वालादेवीची धाकटी बहीण. इंग्रजाने तिला विलायतेहून पेटीत घालून आणली, म्हणून आजवर निजली होती. आता तिने डोळा उघडला आहे, पुण्यवान दिसला की उघडते, पापी दिसला की मिटते. विलायतेहून आलेल्या देवीला मराठी कसं कळतं, हे कुणी विचारलं नाही. डांग्या खोकल्याच्या पोराला हत्तीच्या पोटाखालून काढायची रीत जुनीच. हत्ती सगळ्यांना कुठून मिळणार? बाबांनी भट्टीलाच हत्ती केलं. डागाच्या बरोबर खाली चटई अंथरली आणि त्या चटईवरून लेकरांना सात वेळा इकडून तिकडे न्यायला सांगितलं.

शामलाच्या श्रीधरला खोकला लागून अठरा दिवस झाले होते. पोर चौदा महिन्यांचं. उबळ आली की ते निळं पडायचं, आणि मग तो लांब, शिट्टीसारखा श्वास. शामला बी.ए. झालेली. उबळी वहीत टिपायची, श्वास घड्याळ लावून मोजायची. धंतोलीच्या डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली होती, थोडं थोडं खाणं आणि सहा-आठ आठवड्यांचा धीर. बाकी सगळं तिला जमत होतं, धीर तेवढा जमत नव्हता.

तिचा नवरा केशव त्याच भट्टीचा फिटर. त्याने पहिल्याच दिवशी घरी सांगितलं होतं की आतली वीट पडली आहे, भट्टी थांबवून अस्तर बांधायला हवं. मॅनेजरला फौजेचा माल पुरवायचा होता, थांबणं परवडणारं नव्हतं. कामगार देवीला हात लावू देणार नाहीत, मी काय करू, असं तो साळसूदपणे म्हणाला. पहिला नारळ त्यानेच फोडला होता. केशव गप्प बसला. शामलाला बाबाइतकाच राग त्या गप्प बसण्याचा आला.

त्या सकाळी सासूबाईंनी, गोपिकाबाईंनी, श्रीधरला दुपट्यात गुंडाळलं.

"तुह्या डागतरानं काय केलं वं? शेजारच्या मारोतरावाचा नातू बाबाकडे नेल्यावर बरा झाला. मी नेतो याले. तुले यायचं असन तर ये."

शामला गेली. लेकराला आपल्याशिवाय जाऊ देणं शक्य नव्हतं.

रांगेत दीड तास गेला. आडोशाचं तोंड रांगेकडे उघडं होतं आणि त्या वेळात तिने बाबावरची नजर काढली नाही. पहिली गोष्ट दिसली ती त्याचे हात. कोपरापर्यंत बारीक भाजलेले पांढरे ठिपके. तसेच ठिपके ती रोज रात्री केशवच्या हातांवर पाहायची. उडत्या ठिणग्यांनी भट्टीवाल्यांना होतात ते. म्हणजे आपण हिमालयातून उतरलो असं सांगणारा हा माणूस कुठल्या तरी भट्टीवर राबलेला होता. दुसरी गोष्ट, बाबा बोलत सगळीकडे फिरायचा, पण चटईवर पाय ठेवत नव्हता. तिसऱ्या गोष्टीसाठी तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. डाग दिसला की पुढचा डाग बहात्तर सेकंदांनी. पुन्हा बहात्तर. पापी येवो, पुण्यवान येवो, बहात्तर.

त्यांची पाळी आली. गोपिकाबाई वाकल्या.

"थांबा," शामला म्हणाली आणि तिने श्रीधरला स्वतःच्या कडेवर घेतलं. "बाबा, आता देवीचा डोळा कधी उघडेल?"

"ते मायच्या मनात आहे, बेटी."

"मी सांगते. आता मिटला. बहात्तर सेकंद."

ती मोठ्याने मोजू लागली. मागच्या बायका कुजबुजल्या, कुणी हसलं, साठाच्या पुढे सगळ्या माना उंचावून पाहू लागल्या. बहात्तराला डाग वर आला. तिने दुसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदा रांगेतल्या पोरीबाळींनीच मोजलं. बाबा म्हणाला की शिकलेल्या बाईच्या पापाने माय कोपेल. केशव वरच्या मचाणावर उभा होता. शामलाने त्याच्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं. तो खाली आला आणि त्याने घोंगडी ओढून काढली.

सकाळचं ऊन आत शिरलं. बहात्तर मोजून झाले तरी डाग कुठेच दिसेना. करडं लोखंड तेवढं फिरत होतं. घोंगडी टाकली, डाग आला. काढली, गेला.

"मंद तापलेलं लोखंड अंधारातच लाल दिसतं," केशव पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलला. त्याने लांब काठीला खडू बांधून डागाच्या शेजारी नळ्यावर रेघ ओढली. "ही रेघ बघा. नळा एक फेरा घेतो तेव्हा रेघ येते, आन् तिच्यासंगं डोळा येते. वीट पडली आहे तिथली. माय नाही, भोक पडून राहिलं आहे."

बाबा ओरडू लागला की अविश्वासाने लेकरं मरतील. श्रीधरला नेमकी तेव्हाच उबळ आली. शामलाने त्याला पुढे वाकवून धरलं, आणि क्षणभर तिलाही वाटून गेलं की चटईवरून न्यावं का. पोराने श्वास घेतला. गर्दी दोन्हीकडे झुकत होती.

गोपिकाबाईंनी पदर खोचला. चटईकडे पाहिलं, मग बाबाकडे.

"बाबा, मंग तुम्हीच जा नं पहिले. डोळा खाली आला का चटईवर बसा घडीभर. मंग मी नातवाले आणतो."

बाबाने माळ गुंडाळली. तपाचा नेम सांगितला, सोवळं सांगितलं. डाग खाली येऊ लागला तसा तो, कुणी ढकललं नसताना, चार पावलं मागे सरला. भट्टीवर राबलेल्या माणसाचे पाय होते ते. तोंडापेक्षा खरं बोलले. दुपारपर्यंत तो कारखान्यात नव्हता.

कामगारांनीच मॅनेजरला घेरलं. भट्टीची आग बंद झाली, नळा वाकू नये म्हणून चार दिवस हळूहळू फिरवत निववला. पाचव्या दिवशी केशव कंदील घेऊन आत उतरला. डागाच्या जागी सात विटा नव्हत्या. बाहेर येऊन त्याने लहान हातोडीने पत्रा ठोकून पाहिला. इतर ठिकाणी ठणठण वाजत होतं. डागावर भद्द आवाज आला, आणि तिसऱ्या ठोक्याला हातोडी आरपार गेली. जळून जळून पापडाइतका पातळ उरलेला पत्रा खाली, अजून तिथेच असलेल्या चटईवर पडला.

पाहायला आलेल्या गोपिकाबाईंनी तो तुकडा उचलला आणि बोटांनी दाबून पाहिला. पंधरा दिवस त्या चटईवरून शेकडो लेकरं गेली होती. वर एवढंच लोखंड होतं, आणि त्याच्या वर आग.

मग मारोतरावांचा नातू बरा कसा झाला, असं त्यांनी विचारलं. शामलाने वहीत टिपलेलं डॉक्टरांचं म्हणणं दाखवलं. डांग्या खोकला सहा-आठ आठवड्यांत आपला आपण ओसरतो. बहुतेक लोक बाबाकडे जातात ते पाचव्या आठवड्यात, सगळे उपाय थकल्यावर. काळाने केलेलं काम बाबा आपल्या नावावर लावतो, आणि जी लेकरं दगावली त्यांच्या आया नारळ फोडायला परत येत नाहीत, म्हणून त्या मोजल्याच जात नाहीत.

श्रीधर पुढे महिनाभर खोकला आणि मग थांबला. आईबापांनो, तुमच्या लेकरासाठी कुणी चमत्कार मांडला तर हात जोडण्याआधी पडदा बाजूला करायला सांगा. आणि चटईवर सगळ्यांत आधी त्यालाच बसवा.