बिनकिल्लीची जीप

आमच्या घरात दोन माणसं आणि एक जीप होती, आणि मान विचाराल तर पहिला जीपचा. अठ्ठावन्न साली लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात ह्यांनी ती घेतली. हे म्हणजे पद्माकर, माझे यजमान, बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. जीप त्रेचाळीस सालची, अमेरिकेत बनलेली, ब्रह्मदेशच्या लढाईत चिखल तुडवून आलेली. ती घरी आली त्या दिवशी ह्यांनी जाहीर केलं, की कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ती जशी होती तशीच राहणार, परका स्क्रूसुद्धा तिला लागणार नाही. लग्नात मला दिलेली वचनं ह्यांना आठवतात की नाही देव जाणे, पण हे वचन त्यांनी पाळलं.

अस्सलपणा ऐकायला छान असतो, बसायला नाही. अस्सल जीपला दारं नसतात, पायरी नसते. स्टिअरिंग डाव्या हाताला, वायपर हाताने फिरवायचा, आणि दिवे असे की त्यांच्यापेक्षा देवघरातली समई बरी. बाजूला पट्ट्यांनी बांधलेलं एक फावडं आणि एक कुऱ्हाड. त्यांना दर महिन्याला तेल मिळायचं, पण बागेतलं आळं मी खुरप्यानंच करायचं, कारण ते फावडं अस्सल होतं.

गाडीची देखभाल गुंडोअण्णांकडे. त्यांचं गॅरेज बंगळूरच्याच शिवाजीनगरात, घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं, आणि मराठीत निम्मी कानडी. ते एकदा म्हणाले, "सार, स्वल्प पत्रा ठोकून दारं करूया की. पावसात अक्का भिजतील." देवळातल्या मूर्तीला कुणी चष्मा लावायला सांगावं, तसं ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दारं राहू द्या, एक पायरी तरी लावा, साडी नेसून चढायचं कसं? तर म्हणे, "सैनिक चढत होते."

"सैनिक साडी नेसत नव्हते," मी म्हटलं. पण ते तोवर जीपचं मॅन्युअल उघडून बसले होते.

तसा चढायचा प्रसंग यायचाच नाही. रविवारी सकाळी जीप शेडमधून बाहेर निघायची, धुतली जायची, पुसली जायची आणि परत शेडमध्ये. रस्त्यावर धूळ असते ना. हे स्वतः कारखान्याच्या बसने जायचे, पावणेसातला, ते थेट संध्याकाळी साडेपाचला परत.

आणखी एक गोष्ट तिला नव्हती: किल्ली. एक छोटा खटका फिरवायचा, पायाने बटण दाबायचं, की इंजिन सुरू. गोळीबारात किल्ली कुठे शोधत बसणार? गुंडोअण्णा वर्षभर कानीकपाळी ओरडत होते, की कुलूप बसवा, कोणीही घेऊन जाईल. मीही त्यांचीच री ओढायचे. ह्यांचं उत्तर ठरलेलं: अस्सल नाही.

मग एका शुक्रवारी हे कारखान्यात असताना गुंडोअण्णा ऑइल बदलायला आले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "अक्का, नुसती उभी ठेवून गाडी कुजती. आठवड्यातून एकदा तरी पळवली पाहिजे. तुम्हीच शिका की." मी म्हटलं, वेड लागलंय का तुम्हाला? आणि चप्पल घालून बाहेर आले.

आम्ही राहायचो ते जयनगर तेव्हा नवं होतं. दगड रोवून प्लॉट पाडलेले, रस्ते आखलेले, घर मात्र कुठेतरी एखादं. शिकायला ह्याहून चांगली जागा कुठे मिळणार? तिसऱ्या आठवड्यात मी गियर न करकरवता बदलायला लागले. साडीचा काचा मारला की पायरीबियरी काही लागत नाही, हेही तेव्हाच कळलं.

गुंडोअण्णांची थोरली बहीण, गोदूबाई, आमच्या मागच्याच गल्लीत राहायची. तिला भावाकडून बातमी लागली असणार. एके दिवशी येऊन म्हणाली, "नयना, शुक्रवारी राहुकाळात बनशंकरीला सोडतीस की मला? बसमध्ये चढायला होत नाही ग आता." आमच्या साताऱ्याकडे राहुकाळात माणूस उंबरा ओलांडत नाही, आणि इथे बायका नेमका राहुकाळ गाठून देवीपुढे लिंबाच्या सालीत दिवे लावतात. शुक्रवारी साडेदहा ते बारा. ह्यांच्या कारखान्याच्या वेळेत अगदी चपखल बसणारा देव मी दुसरा पाहिला नाही.

सुरुवातीला एकटी गोदूबाई, मग तिच्या दोन मैत्रिणी. लिंबांची पिशवी त्या फावड्याला अडकवायच्या. दिवे लावून झाले, की मी त्यांना विचारायचे, "थोडं पुढे जाऊया?" आणि कनकपुराच्या रस्त्याला गाडी सोडायचे. दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं, मध्ये लाल मातीचा रस्ता, काच पुढे पाडलेली, तोंडावर वारा. देवीपेक्षा मला तो रस्ता हवा होता, हे देवीलाही माहीत असणार. घरी मी इंजिनिअरसाहेबांची मिसेस होते. बी.एससी. झालेली, पण कुणाला आठवत नव्हतं, मलाही. तिथे एकदा समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्याने मला पाहून बैल बाजूला घेतले, तर मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले. गोदूबाई म्हणाली, "काय झालं ग तुला?" काय सांगणार तिला? सुखात होते, एवढंच.

आणि हे सगळं लपायचं कसं म्हणाल, तर अस्सलपणाच्या कृपेने. मैल मोजणारी तार तुटलेली होती, आणि इथे बनलेली तार हे लावू देत नव्हते. पेट्रोल कमी व्हायचं तेवढं मी डब्यातून भरायचे, पण अंदाज चुकायचा. तेव्हा ह्यांनी एक सुरेख तक्ता काढला. बंगळूरची उंची, कोरडी हवा आणि बाष्पीभवन. प्रत्येक शुक्रवारनंतर बाष्पीभवन वाढतं, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. शेजाऱ्यांचं म्हणाल, तर दूधवाला यल्लाप्पा एकदा त्यांना कानडीत म्हणालाच, की तुमच्या बाई गाडी झकास हाकतात. सहा वर्षांत ह्यांनी कानडीचे दोनच शब्द शिकले होते, त्यातला एक वापरला. "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणाले आणि पातेलं आत घेऊन आले.

चौसष्टच्या जानेवारीत आमच्या रांगेतल्या प्रतापरावांची स्कूटर दारातून चोरीला गेली. कुलूप लावलेली. हे रात्रभर तळमळले. सकाळी दाढी करता करता म्हणाले, "नयना, नाइलाज आहे. गुंडोला निरोप दे, किल्लीचं कुलूप बसवून टाकू. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी कारखान्यातल्या ड्रॉवरमध्ये."

त्या कुलपात माझा शुक्रवार बंद होणार होता, आणि शुक्रवार गेला की आठवड्यात उरत काय होतं? भाजी, धुणं आणि संध्याकाळचे साडेपाच. मग मी जे बोलले ते आठवून मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "अहो, तुम्ही? तुम्ही परकं कुलूप लावणार? सहा वर्षं एक स्क्रू बदलला नाहीत, आणि एका फटफटीपायी सगळं सोडणार?" मॅन्युअल मीच आणलं. मुद्दाम किल्ली ठेवलेली नाही, हे लिहिलेलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. चेहऱ्याला साबण तसाच, आणि डोळ्यांत पाणी. "मला वाटायचं, तुला ह्यातलं काही कळत नाही," ते म्हणाले. बायकोने इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपलं मन ओळखलं, असं त्यांना वाटलं. मी पदराने त्यांच्या गालावरचा साबण पुसला आणि जिंकले म्हणून आत गेले.

जिंकले कसली. मी पान दाखवलं, ह्यांनी पुढचं पान वाचलं. त्यात लिहिलं होतं, की शत्रूच्या हाती गाडी लागू नये म्हणून सैनिक ती सोडून जाताना काय करत. इंजिनावरच्या एका गोल डबीत अंगठ्याएवढा काळा तुकडा फिरत असतो, त्याला रोटर म्हणतात. तो काढून खिशात टाकायचा, मग ठिणगीच पोचत नाही. कुलूप नको, किल्ली नको, आणि शंभर टक्के अस्सल. दुसऱ्या दिवसापासून हे खिशात पेनाशेजारी रोटर घेऊन कारखान्याला जायला लागले.

मला ते शुक्रवारीच कळलं. तिन्ही बायका चढून बसलेल्या, लिंबं फावड्याला. मी बटण दाबतेय, इंजिन घरघरतंय आणि पेटत नाही. गोदूबाई बिचारी म्हणाली, "असू दे ग, पुढच्या शुक्रवारी जाऊ." त्यांना उतरवलं आणि शेडमध्ये स्टिअरिंगवर डोकं टेकून मी रडले. आपल्याच तोंडाने आपला रस्ता बंद करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

गुंडोअण्णांनी ऐकलं, येऊन ती डबी उघडून पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी कुठल्याशा दुसऱ्या गाडीचा रोटर घेऊन आले. "ह्याचा नव्हे, पण स्वल्प घासला की बसतो," म्हणाले. कानशीने घासला आणि बसवला. इंजिन पहिल्या दाबाला सुरू झालं. खरं सांगते, ते अस्सलपेक्षा गोड चालत होतं. तो तुकडा मी मोहरीच्या डब्यात ठेवायला लागले. शुक्रवारी काढायचा, लावायचा, फिरून यायचं, परत मोहरीत.

मेमध्ये ह्यांच्याकडून तो अस्सल रोटर हरवला. बस पकडताना वाकले, खिशातून निसटला आणि गटारात गेला. दोन दिवस जेवले नाहीत. अमेरिकेला पत्र पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की तो भाग आता बनत नाही. गुंडोअण्णांना मी आधीच गप्प बसायला सांगून ठेवलं होतं. ह्यांनी टाकी रिकामी केली, बॅटरीच्या तारा सोडल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, "जीप पूर्ण अस्सल आहे. फक्त चालत नाही." त्यानंतर मला पेट्रोल मोजायचीसुद्धा गरज उरली नाही. डब्याने जेवढं ओतायचं तेवढंच संपवायचं आणि घरी येऊन तारा सोडून ठेवायच्या.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले, तर हे ड्रायव्हरच्या जागी बसलेले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नयना, तुला हिच्यातून एकदा तरी फिरवून आणायला हवं होतं. धूळ धूळ करत राहिलो. आता राहूनच गेलं."

माणूस वाईट नाही हो, वाईट असता तर सोपं गेलं असतं. मी कप बॉनेटवर ठेवला आणि जे कधी बोलायचं नाही असं ठरवलं होतं तेच बोलले. "अहो, गुंडोअण्णांकडे दुसऱ्या गाडीचा रोटर आहे. घासून बसतो म्हणतात. बसवून घ्यायचा का? रविवारी आपण दोघं जाऊ." हो म्हणाले असते तर रोटर त्यांच्या खिशात जाणार होता, आणि तरीही त्यांनी हो म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं.

ते स्टिअरिंगवरून अंगठा फिरवत राहिले. मग मान हलवली. "छे. दुसऱ्याचा तुकडा घालून ती चालेलही ग. पण मग ती माझी जीप राहायची नाही."

"नाही राहायची," मी म्हटलं. त्यांच्या हातात चहा दिला आणि उद्याच्या वाती वळायला आत गेले.